पडद्यावरचा नंबर

"मांगं सरक वं. तुले काय दिसते? डोळेवाल्या पोरायले बसू दे."

पाटलीणकाकूंनी दंडाला धरून मला उठवलं आणि दाराशी, चपलांजवळ बसवलं. अचलपुरात आमच्या गल्लीत टीव्ही त्यांच्याकडेच. रविवारी मुलांचा कार्यक्रम लागायचा. मी जन्मापासून आंधळी. पडद्यावर काही गंमत झाली की पोरं हसायची. मग मीही हसायचे, जरा उशिरा.

"हे आंधळी कायले हासते?" काकू म्हणाल्या. पोरं पुन्हा हसली. या वेळी मला.

रडू आलं नाही. घरी सांगितलंही नाही. पुढच्या रविवारी मी आपणहून चपलांजवळ जाऊन बसले. हेच अजून झोंबतं.

आता मी अमरावतीत शाळेत इतिहास शिकवते. मागच्या वर्षी इथल्या एका चॅनेलने अपंगांवरच्या कार्यक्रमाला बोलावलं. थेट प्रक्षेपण. मऊ खुर्ची, गार खोली. "डोळे नसूनही केवढी जिद्द!" निवेदक म्हणाला. असलं ऐकून ऐकून कान मेलेत. काही वाटलं नाही.

मग त्याने अकोल्यात अंधांसाठी होणाऱ्या शिबिराची माहिती दिली. पांढरी काठी मिळणार, ती घेऊन एकट्याने रस्त्यावर चालायला शिकवणार. घरात कोंडून पडलेल्यांसाठी केवढी गोष्ट. शेवटी निवेदक म्हणाला, "नाव नोंदवायला स्क्रीनवर दिसत असलेल्या नंबरवर फोन करा. धन्यवाद."

"नंबर वाचून दाखवा," मी म्हटलं.

तो हसला. "मॅडम, तो प्रेक्षकांसाठी आहे."

नाकात चपलांचा वास आला. शिबिर अंधांचं, आणि नंबर फक्त डोळस माणसांना.

"मंग मी कोन आहो?" तोंडातून वऱ्हाडीच निघालं. "मी रोज पायतो टीव्ही. नंबर वाच."

मागून कुणीतरी "ब्रेक, ब्रेक" म्हणालं. एक हात माझ्या दंडावर आला, मला उठवायला. काकूंनी धरलं होतं तिथेच. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"उठत नाई. वाच."

त्याने घाईघाईत वाचला.

"पुन्हा. सावकाश."

पुन्हा वाचला. आवाज पडला होता त्याचा. मला आनंद वगैरे झाला नाही. हात तेवढे दुखत होते.

त्यांनी मला परत बोलावलं नाही. नंबर अजूनही मुकाट्याने पडद्यावर येतात. पुराचा इशारा असो की दवाखान्याचा पत्ता, "स्क्रीनवर पाहा." मी रोज संध्याकाळी बातम्यांना बसते, आणि तसं म्हटलं की चॅनेलला फोन लावते. फोनवरचा पोरगा आता आवाज ओळखतो.

"मॅडम, रोज रोज काहून फोन करून राहिल्या?"

"आमाले सांगनं तुमचं काम आहे. उपकार नाई. काय लिवलं, वाच."

तो वैतागतो. वैतागू दे. तो वाचेपर्यंत मी फोन ठेवत नाही. आणि पडद्यावरचं ते बोलून सांगेपर्यंत फोन करणं थांबवणार नाही.