सुरंगीचा बहर

काल बाजारात गजरेवालीने सुरंगीचा गजरा नाकाशी धरला. "घ्या ताई, यंदा आमची सुरंगी कधी नव्हे एवढी फुललीय." आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरही एक जुनी सुरंगी होती. बिल्डरला ती आड येत होती. आम्ही हरकत घेतली आणि नगरपरिषदेने तोडायची परवानगी नाकारली. शेजारच्या काकूंनी पेढे वाटले. त्याच आठवड्यात एका सकाळी पाहिलं, तर बुंध्याची साल सगळीकडून गोल सोललेली. पाहणीला आलेला साहेब म्हणाला, "झाड उभं आहे ना? मग तोडलं असं कसं लिहू?" काकूंनी रडत रडत जखमेवर शेणमाती लिंपली, वर आपलं सुती लुगडं गुंडाळलं. आम्ही रोज बादल्या ओतत राहिलो. फाल्गुनात सुरंगी अशी फुलली की फांद्या दिसेनात. "जगलं गो झाड, जगलं!" म्हणत काकूंनी घरोघर गजरे दिले. मरणारं झाड असं शेवटचं फुलून घेतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पावसाळ्यानंतर ते वाळलं, आणि धोकादायक म्हणून तोडायची परवानगी लगेच मिळाली. काल मी गजरा टोपलीत परत ठेवला आणि गजरेवालीला एवढंच विचारलं, "बुंध्याची साल बघितलीस काय गो?"