जमिनीला बनियन जेवू घालणारी

मातीवर पोट भरणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण मातीचं पोट भरलं की नाही याची काळजी करणारी एकच बाई मी पाहिली, आणि ती आमच्या फुलसावंगीकडच्या तांड्याला लाभली. संशोधन संस्थेत माती तपासायची तिची नोकरी. आम्ही तिला मातीवाली मॅडम म्हणायचो. पर्समध्ये कंगव्याच्या जागी खुरपी. पुसदला एका लग्नात सगळ्या बाया नवरीचे दागिने बघत होत्या, तर ही मांडवामागे उकिडवी बसून ढेकूळ फोडून हुंगत होती. गांडूळ दिसलं की "आले बघा पाहुणे" म्हणून अशी हरखायची, की मीही एकदा सवयीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तांड्यातल्या पोरांसारखी ती मला याडी, म्हणजे आई, म्हणायची आणि त्या एका शब्दावर माझ्या घरचा चहा प्यायची.

मी तेव्हा तरुण, म्हणजे एकाच नातवाची आजी होते, आणि अकलेत तांड्यात आपणच पहिल्या अशी माझी समजूत होती. एक दिवस आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पळसाखाली चुना लावलेला दगड दिसला. बाजूची माती उकरलेली. ही करणी, हे मी ताबडतोब ओळखलं. देवाचं नाव घेत उकरलं, तर आत कोरं पांढरं बनियन. करणी करणाऱ्यानं मापसुद्धा नेमकं आमच्या यांचंच घेतलेलं. काठावर शाईनं आकडा होता, तो मी कंपनीचा समजले. भीती होतीच, पण कोरा सुती कपडा टाकवेना. मी ते धुतलं, त्यावरून लिंबू उतरवलं आणि यांच्या अंगात घातलं.

चार दिवसांनी मॅडम आली. हे ओट्यावर नुसत्या बनियनवर बसलेले. तिनं वाकून काठावरचा आकडा वाचला आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुमच्या अंगावर माझा प्रयोग आहे."

मग उलगडा झाला. माती जिवंत असेल तर तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव सुती कापड खाऊन टाकतात. नसेल तर कापड जसंच्या तसं निघतं. पुरायची परवानगी तिनं यांच्याकडून घेतली होती. यांनी मान डोलावली आणि घरी सांगायचं विसरले. आमचा पोरगा हसत सुटला. त्याला तो धुरा जेसीबीनं सपाट करून कपाशीची तासं, म्हणजे ओळी, वाढवायची होती.

"मॅडम, कायले त्या धुऱ्याच्या नादी लागता? नुसतं गवत अन् काटे हायेत."

"दोन महिने थांब. या धुऱ्यानं बनियन खाल्लं नाही, तर जेसीबीत मी स्वतः बसेन."

"मंजूर," पोरगा म्हणाला.

दुसरं बनियन पुरलं आणि राखण माझ्याकडे आली. मी बकऱ्या हाकलल्या, कुत्री हाकलली, एकदा यांनाही हाकललं.

"मले काहून हाकलून राह्यली?"

"तुमचा भरोसा नाही. कोरं बनियन दिसलं का घालता."

उकरायच्या दिवशी अर्धा तांडा जमला. बाळंतपण करत असल्यासारखी मॅडम हलक्या हातानं माती बाजूला करत होती. खुरपीच्या टोकाला आलं काय, तर शिवणीचा दोरा, गळ्याची पट्टी आणि मधून आरपार आभाळ. ती चिंधी डोक्यावर धरून बाई धुऱ्यावर नाचली आणि गुडघ्यांना न विचारता मीही नाचले. पोरगा भोकातून बोट घालून बघत राहिला. "खाल्लं बा इनं," म्हणाला आणि जेसीबीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

पुढे मॅडमची लांब बदली झाली. तरी दरवर्षी तिचा फोन येतो, "याडी, जमीन जेवली का?" आणि मी यांचं एक बनियन पुरून, उकरून, काय उरलं ते तिला रंगवून सांगते.

गेल्या वर्षी हे गेले. दोरीवर वाळत राहिलेलं त्यांचं बनियन मी पळसाखाली पुरलं, दगडाला चुना लावला. दोन महिने कधीच उलटले. फोन आला तेव्हा म्हटलं, "जेवली असंल, बाई. यंदा म्या उकरून पाह्यलं नाही."

हे गेल्याचं तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "राहू दे, याडी. निवांत जेवू दे."