पंपाचा वाटा

मुंबईच्या गोदीतलं काम सोडून मी तोंडवलीला परत आलो, ते साठ सालानंतरचे दिवस. सरकारी योजनेतून मच्छीमार सोसायटीच्या सभासदांच्या तीन होड्यांना डिझेलची मशीनं मिळाली होती आणि ती सांभाळायला फिटर हवा होता. इंजीन असतं ते आगगाडीचं, होडीत असतं ते मशीन. माझं वर्कशॉप म्हणजे झावळ्यांचं छप्पर, एक जुना व्हाइस, पान्यांची पेटी आणि मी. पगार बेताचा, पण घर जवळ. शिवाय माझ्यासारख्या तिरसट माणसाला वर साहेब नसलेला बराच.

साहेब नव्हता, पण सुटे भागही नव्हते. बिघडलेल्या भागाचं पत्र लिहायचं, गुरुजींची सही घ्यायची आणि वाट बघत बसायचं. गुरुजी म्हणजे सोसायटीचे चिटणीस, जामसंड्याच्या शाळेतून निवृत्त झालेले. पार्सल यायला अख्खा हंगाम जायचा, आणि आलं की दुसऱ्याच मशीनचा भाग आत! एकदा ट्रॅक्टरचा कसलासा दांडा आला होता. तो आम्ही दाराला अडसर म्हणून वापरला.

तिसऱ्या वर्षी दोन गोष्टी एकदमच झाल्या. पहिली, काकीचं मशीन गेलं. काकी म्हणजे वाडीतली पन्नाशीची बाई, पदरात दोन मुली; आख्खी वाडी तिला काकीच म्हणे. तिच्या नवऱ्याने हौसेने मशीन घेतलं, दोन हंगाम चालवलं आणि उन्हाळ्यात काविळीने अंथरूण धरलं. पावसाच्या आधी तो गेला. तो आजारी असताना होडी तशीच उभी होती आणि मशीनच्या पोटातलं खारं पाणी कुणी काढलं नाही. मी उघडून बघितलं तेव्हा ब्लॉक गंजून पापडासारखा झाला होता. बोट लावलं तर भोक पडत होतं.

"काकी, ह्यां काय आता चलूचा नाय," मी सांगितलं.

ती रडली बिडली नाही. म्हणाली, "बाकीचा बरा आसा?"

बाकीचं उत्तम होतं. डिझेलचा पंप तर असा की नव्याने लाजावं.

आणि दुसरी गोष्ट अशी, की नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिला आणि चारच दिवसांत पलीकडच्या तांडेलाच्या होडीचा नेमका डिझेलचा पंपच बंद पडला. हा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, तोंडाने फाटका, मनाने बरा. त्याचे सात खलाशी हात बांधून किनाऱ्यावर, मासळी समोर उड्या मारतेय आणि होडी रेतीत. रोज सकाळी माझ्या छपराशी येऊन तो माझ्या सात पिढ्यांची आठवण काढायचा.

तिन्ही मशीनं एकाच जातीची होती. यात विचार करण्यासारखं काय होतं? एकाचा पंप काढायचा, दुसऱ्याला बसवायचा. मी पाना घेऊन थेट काकीच्या अंगणात गेलो.

"काकी, तुझ्या मशीनचो पंप काढतंय. तांडेलाक घालतंय."

"म्हणजे काय करतलंस?"

इथे मी गाढवपणा केला. गोदीतलं ज्ञान पाजळलं. म्हटलं, गोदीत साहेब लोकांचा त्याला शब्द आहे, कॅनिबल करणं. तिने अर्थ विचारला. मी सांगितला: माणसाने माणसाला खाणं.

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" काकी उसळली. "माझ्या घोवान घेतलेला मशीन आणि तो तांडेल तेका खातलो? चल, भायर हो!"

मी पाना घेऊन बाहेर झालो.

गुरुजींकडे गेलो. त्यांच्याकडे साठ्याची वही होती आणि वहीत तीन रकाने: नवीन, दुरुस्त, भंगार. चौथा रकाना नव्हता. गुरुजी म्हणाले, "ब्लॉक गेला ना? मग अख्खं मशीन भंगारात लिही. भंगारातलं काहीही काढायला कुणाची परवानगी लागत नाही."

"मग काकीचं काय?"

"भंगाराला मालक नसतो."

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "गुरुजी, पंप भंगार आहे, तर मी तांडेलाच्या होडीत भंगार बसवू? उद्या भर समुद्रात होडी बंद पडली की तुम्ही जाणार वल्ही मारायला?"

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी टाक खाली ठेवला आणि म्हणाले, "मग तू शब्द दे. मी लिहितो."

आता आली का पंचाईत! 'दुरुस्ती' म्हणावं तर पंप दुरुस्त केलाच नव्हता. 'मोडलं' म्हणावं तर लोक मोडलेल्या वस्तूला हात लावायला कचरतात. होडीच्या बाबतीत तर आमच्याकडे 'मोड' हा शब्द तोंडातून काढत नाहीत. गुरुजींनी स्वतः दोन दिवस विचार करून 'अंगांतरण' असा एक शब्द काढला. मी तो तांडेलाला ऐकवला.

"अंगात येता तेतूरलोच काय ह्यो?" त्याने विचारलं. "मगे माका नको. पंपाच्या अंगात इला तर उतरयतलो कोण?"

आठवडा असाच गेला. खलाशी पत्ते कुटत बसले. एक दिवस आमच्या घरी सत्यनारायण होता आणि भटजी म्हणाले, "नारळ वाढवा." झालं, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. मग मशीनही वाढवावं! याहून गोड शब्द कुठे मिळणार? प्रसादाचा द्रोण हातात तसाच धरून मी काकीकडे धावलो.

"काकी, गावलो शब्द! आपण तुझा मशीन वाढवूया."

काकी जात्याशी बसली होती. तिने हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. मग तिने स्वतःच्या मनगटांकडे बघितलं. मोकळी मनगटं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली, आणि धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

"घोव गेलो त्या दिवशी माझी काकणां वाढयली," ती म्हणाली. "काय वाढला रे माझा?"

मी प्रसादाचा द्रोण जोत्यावर ठेवला. मी जायला वळलो तर तीच म्हणाली, "बस. गोड शब्द माका नको. ह्यां सांग, पंप तांडेलाच्या होडयेत गेलो तर माझा काय ऱ्हवला?"

"पंप तुझोच, काकी."

"माझो म्हणान तू सांगतंस. किनाऱ्यार कोण सांगतलो?"

मग तिने सरळ सांगितलं. हंगाम लागल्यापासून ती पाटी घेऊन किनाऱ्यावर गेली की कुणीतरी दोन बांगडे तिच्यासमोर टाकायचं. 'घे गो काकी, बिचारी.' नवरा होता तेव्हा तिच्या दारात होडीचा वाटा यायचा, मशीनचा वाटा यायचा. आता टाकलेले बांगडे. "भिकाऱ्याक टाकतत तशे," ती म्हणाली. आणि जात्याचा खुंटा धरून तिने जोराचा फेरा दिला.

आमच्याकडे मासळीची वाटणी पैशात होत नाही, रेतीत होते. होडी आली की जेवढे वाटेकरी तेवढे ढीग लावायचे. प्रत्येक खलाशाचा एक, होडीचा एक, जाळ्याचा एक, मशीनचा एक. मग एकाने ढिगांकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करायचं. दुसऱ्याने ढिगावर हात ठेवून विचारायचं, 'ह्यो कोणाचो?' पाठमोऱ्याने एकेक वाटेकरी पुकारायचा. पुकारलं गेलं की वाटा त्याचा, मग देवही तो काढून घेऊ शकत नाही. काकीला तिथे पुकारलं जायला हवं होतं, एवढंच.

"माझो पंप पाणी कापतलो," ती म्हणाली, "तर तेचो वाटो होयो. नायतर गंजान जाऊंदे."

मी तडक तांडेलाकडे गेलो. तो भडकला. "एका पंपाक वाटो? उद्या खिळो देणारोय वाटो मागात! परवा सुतळी देणारो!"

"मग खिळ्यावर चालव होडी," मी म्हटलं. "खिळ्याला सुतळी बांध आणि ओढ. मी चाललो घरी."

खरंच निघालो. शंभर पावलं गेलो असेन, मागून हाक आली. "अर्धो!" तांडेल ओरडला. "अर्धो वाटो, मशीनच्या वाट्यातसून! सांग काकीक!" काकी अर्ध्यावर राजी झाली. म्हणाली, आख्खं मशीन थोडंच आहे, पंपच तर आहे.

मी गुरुजींना लिहून दिलं: 'डिझेल पंप एक. वाट्यावर दिला.' गुरुजींनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसला, पट्टी घेतली आणि चौथा रकाना आखला. पुढे आमच्या सोसायटीत हाच शब्द पडून गेला. नोझल वाट्यावर, चाक वाट्यावर. बाहेरच्या माणसाला काही कळत नसे, आम्हांला सगळं कळे.

पंप बसवला. बसवताना डिझेलच्या नळीला तांब्याचे वायसर, म्हणजे चपट्या चकत्या, लागतात, सांध्यात नखाएवढीही फट राहू नये म्हणून. नवे नव्हते. मी जुनेच घेतले, विस्तवात लाल केले, मऊ व्हावेत म्हणून पाण्यात बुडवले आणि आवळले. एकदा केलं तर चालतं. त्यातला एक मी आधी दोनदा असाच तापवलेला होता, हे मला ठाऊक होतं. पण टाकवेना. काही टाकायचं नाही ही माझी जन्माची खोड.

मशीन पहिल्या हिसक्याला सुरू झालं. त्या दिवशी दुपारी होडी बांगड्यांनी भरून आली. ढीग लागले. तांडेल स्वतः पाठमोरा उभा राहिला. "ह्यो कोणाचो?" "जाळ्याचो." "ह्यो?" "होडयेचो." एका लहान ढिगावर हात पडला. "ह्यो कोणाचो?" तांडेल पार वाडीत ऐकू जाईल असा ओरडला, "काकीच्या पंपाचो!" लोक हसले. काकी हसली नाही. तिने पदर खोचला, ढीग पाटीत भरला आणि सगळ्यांच्या मधून घरी गेली. मला इतका आनंद झाला की मी उगाचच एका खलाशाला शिवी घातली.

असे बारा-तेरा दिवस गेले. मग एक दिवस दुपार टळली तरी होडी दिसेना. आली ती शिडावर, मुकाट. भर समुद्रात मशीन बंद पडलं होतं. सुरू करावं तर दोन आचके देऊन पुन्हा बंद. मासळी चार पाट्याही नव्हती. मी होडीत चढलो, नळीशी बोट नेलं, ते डिझेलने ओलं झालं. आधी दोनदा तापवलेला तोच वायसर चिरला होता आणि नळीत हवा शिरत होती. पंपाला काहीही झालं नव्हतं.

खाली ढीग लागत होते, अगदी एवढे एवढे. मशीनच्या वाट्यातून अर्धा वेगळा काढून तांडेलाने स्वतःच काकीपुढे केला. "घे काकी. पुकारूक नको आज."

काकीने हात मागे घेतला. "ज्येचा काम चलला नाय, तेका वाटो नाय. माझो घोव असतो तर घेतो?"

"काकी, थोडीशीच..."

"पंप माझो ना? मगे खोटय माझी."

मला राहवेना. मी होडीतूनच ओरडलो, "पंपाची खोट नाय! माझी आसा! मी जुनो वायसर घातलंय, फाटलेलो! घे तू वाटो!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकी ढिगाला वळसा घालून होडीपाशी आली आणि खालून वर माझ्याकडे बघत उभी राहिली. ती आता माझा उद्धार करणार, असं मला वाटलं. केला असता तर बरं झालं असतं.

"शब्द शोधूक तुका आठ दिवस लागले," ती म्हणाली. "वायसर शोधूक किती लागतले?"

आणि रिकामी पाटी डोकीवर घेऊन ती निघाली. घरी दोन मुली चुलीवर आधण ठेवून आईची वाट बघत असणार, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण तिला हाक मारून दोन बांगडे द्यायची कुणाची छाती झाली नाही. मी होडीतून उडी मारली आणि हातपाय न धुता खाडीपार नेणाऱ्या तरीची वाट धरली. मालवणात नवे वायसर मिळणार होते, आधीही मिळाले असते.