किंकाळी ऐकली की उठणारे कांबळे सर

शिवाजी पेठेजवळच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे कांबळे सर भर तासाला खडू खाली ठेवून निघून जायचे. बाहेर कुणी किंचाळलं, एवढं कारण त्यांना पुरायचं. बहुतेक वेळा मैदानावर फुटबॉलचा गोल झालेला असायचा, नाहीतर पोरी झुरळाला भ्यालेल्या असायच्या. सर शांतपणे परत येऊन अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायचे. नव्वदच्या दशकातली आम्ही पोरं, मागच्या बाकावर मुद्दाम किंचाळूनही पाहिलं. सर तेव्हाही आले.

एकदा त्यांनी टेपरेकॉर्डर आणला. डुक्कर, माकडीण, माणूस, एकामागून एक किंकाळ्या. "बोलणं गुळगुळीत असतंय, किंकाळी खरबरीत. त्या खरबरीतपणानंच मेंदू दचकतोय. जनावराचाबी आन् आपलाबी." शेवटची किंकाळी कशाची, असं त्यांनी विचारलं. "भीतीची!" आम्ही एका सुरात ओरडलो. ती मॅच जिंकल्यावर त्यांच्या पुतणीनं मारलेली होती.

"पिल्लू किंचाळतंय कशाला? कुणीतरी यावं म्हणून. येणाऱ्यानं आधी जायाचं, शहाणपणा मागनं करायचा," सर म्हणाले. आम्ही ते वहीत उतरवलं आणि विसरून गेलो.

त्या वर्षी सहल राधानगरीला गेली. ओढ्याचं पाणी बर्फासारखं गार, आम्ही मुली उगाच किंचाळत होतो. सर दोनदा काठापर्यंत धावत आले, दोन्ही वेळा आम्ही खिदळलो. तिसऱ्यांदा मी किंचाळले तेव्हा मी घसरून पडले होते, पाय दोन दगडांत अडकला होता आणि पाणी हनुवटीला लागलं होतं. मैत्रिणी टाळ्या पिटत होत्या. "काय नाटकी हाय ही!" एक म्हणाली. आपण आता मरणार आणि या हसत बघणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. तेवढ्यात सर बुटांसकट पाण्यात शिरले. एका हातानं त्यांनी माझं डोकं वर धरलं, दुसऱ्यानं दगड हलवला.

सर आता नाहीत. पुढे खूप विद्वान माणसं भेटली, पण इतक्या वेळा हसं करून घ्यायची तयारी असलेला माणूस मला दुसरा भेटला नाही.

त्या दिवशी काठावर कुडकुडत मी त्यांना विचारलं, "सर, या वेळची किंकाळी खरी आहे, हे कसं ओळखलंत?"

सर पँटचं पाणी पिळत होते. "वळखलं कुठं गं? मला वाटलं, तिसऱ्यांदाबी चेष्टाच करायलायसा."