सह्यांचा क्रम

आमच्या आरमार कचेरीत फायली फिरवायचे ते पाक सर्कावी, मादुरा बेटावरचे. वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे पाक म्हणतात. धाकट्या अधिकाऱ्यापासून चढत्या हुद्द्याने सात सह्या, मग ॲडमिरल, मग मंत्री. एकतीस वर्षांत आपल्या हातून क्रम चुकला नाही, हे ते रोज डब्यातलं सोयाबीनचं तेंपे खाताना ऐकवायचे. मला वीट यायचा.

त्या सोमवारी एक जुनी गस्ती बोट दुरुस्तीसाठी गोदीत आणायच्या हुकमाची फाईल निघाली. पाचवे साहेब रजेवर होते, म्हणून सहाव्यांनी आधीच सही ठोकली. पाक सर्कावींनी फाईल मिटली. नवा कागद काढून पुन्हा पहिल्या टेबलापासून जायचं म्हणाले.

"अहो पाक, जाऊ दे ना पुढं," मी वैतागलो. "तुमचाच जावई आहे त्या बोटीवर."

"म्हणूनच. जावयासाठी नियम मोडला म्हणतील."

शनिवारी ती बोट गस्तीवर असताना बुडाली. जावई सापडला नाही.

बोट बुडाल्यावरही फाईल कुणी थांबवलीच नव्हती. पुढच्या गुरुवारी ती मंत्र्यांची सही होऊन खाली आली. पाक सर्कावींनी ती माझ्यापुढे उघडून धरली आणि एकेका सहीवरून बोट फिरवलं.

"बघ, हानिफ," ते म्हणाले. "कुठं चुकलंय का?"