बारा टॅपेट आणि खडूच्या रेघा

गंभीर घोषणा आहे. डोक्यावर टोपी असेल त्यांनी ती सरळ करावी, हातात चहा असेल त्यांनी कप खाली ठेवावा. मी, पन्नाशीला टेकलेला, शुद्धीवर असलेला आणि कुणाच्याही दडपणाखाली नसलेला गृहस्थ, असं जाहीर करतो की या भूतलावर इंजिनाचे ब्लॉक दोन तऱ्हेचे असतात. एक सपाट टॅपेटचे, दुसरे चाकाच्या टॅपेटचे. हा फरक न कळताही माणूस सुखाने जगू शकतो. मला तो कळला नसता, तर मी मात्र मागावर बसलो असतो.

मागावर म्हणजे खरोखरच्या हातमागावर. आमचं घर विणकरांचं. घरात दोन माग होते. एकावर बाबा लुगडी विणायचे. दुसरा माझ्या नावाचा होता आणि रिकामा होता, कारण मी शहरातल्या सदर भागात एका गॅरेजात इंजिनं उघडत होतो. बाबा त्यावरून कधी भांडले नाहीत. दर रविवारी माझा माग ओल्या फडक्याने पुसायचे, बस्स. शेजारच्यांनी विचारलं तर म्हणायचे, ‘‘थकलं की येईल वापस.’’ त्या पुसण्याची मला जेवढी धास्ती होती, तेवढी शिव्यांची नव्हती.

सत्तर साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. गॅरेजचे मालक आमचे उस्ताद. इंजिनाच्या आवाजावरून ते ड्रायव्हरचा स्वभाव सांगत, आणि तो बहुधा वाईटच निघे. त्यांचा एक रिवाज सदरभर प्रसिद्ध होता: खडूची परीक्षा.

ती अशी. इंजिनाच्या पोटात कॅमशाफ्ट नावाचा दांडा फिरतो. त्यावर उंचवटे असतात. उंचवट्यावर टॅपेट उभा असतो, म्हणजे बोटाएवढा पोलादी खांब. उंचवटा आला की खांब उचलला जातो आणि वरचा व्हॉल्व्ह उघडतो. सपाट बुडाचा टॅपेट वर-खाली होता होता स्वतःभोवती हळूहळू फिरायलाच हवा. नाही फिरला, तर एकाच जागी घासून उंचवट्याचं नाक खाऊन टाकतो. म्हणून उस्ताद प्रत्येक टॅपेटच्या डोक्यावर खडूची रेघ ओढत, हाताने इंजिन फिरवत आणि बाजूच्या झाकणातून बघत. रेघ फिरली की गर्जना व्हायची, ‘‘फिरून राहिला!’’ मग नारळ. माझ्या सहा वर्षांत ही परीक्षा एकदाही खोटी ठरली नव्हती.

आणि मग आली उमरेडच्या फेऱ्या करणारी एक बस. तिच्यात खाणीच्या लिलावातून आलेलं विलायती डिझेल इंजिन होतं. ब्लॉकला तडा गेला होता. उस्तादांनी भंगारबाजारातून त्याच कंपनीचा, तेवढ्याच मापाचा दुसरा ब्लॉक आणला. जुन्याचा कॅमशाफ्ट आणि बारा टॅपेट काढून नव्यात घातले. सगळं लोण्यासारखं बसलं. खडू झाला, रेघा फिरल्या, गर्जना झाली, नारळ फुटला. आता फक्त स्टार्टर मारायचा होता.

खोबऱ्याचा तुकडा माझ्या तोंडात होता तेव्हा माझी नजर जुन्या ब्लॉककडे गेली. त्याच्यात टॅपेटच्या प्रत्येक भोकाशेजारी एक उंच मुंढा, म्हणजे ओतीव खुंट, होता आणि त्यात आटे पाडलेले होते. नव्या ब्लॉकला मुंढे नव्हतेच. भोकंही बोटभर बुटकी होती. जुन्या मुंढ्यांवर बारा खाचदार पट्ट्या बोल्टने बसवलेल्या होत्या, हे मला आठवलं. त्या उस्तादांनी ‘पार्सलाची बांधाबांध’ म्हणून कोपऱ्यात फेकल्या होत्या. मी वाकून टॅपेटच्या बुडाशी बॅटरी मारली. ग्रीसने माखलेल्या बुडाला चाक होतं.

‘‘उस्ताद, थांबा!’’ मी खोबऱ्यासकट ओरडलो. ‘‘हे फिरून राहिले!’’

‘‘मंग? नाचू का?’’

‘‘फिराले नाई पाहिजे! याले खाली चाक हाये. चाक फिरलं पाहिजे, खांब नाई. खांब फिरला तं चाक आडवं होते, अन् आडवं चाक कॅमले सोलून काढते. त्या पट्ट्या खांबाले सरळ धराच्या होत्या. हा ब्लॉक सपाटवाल्याचा हाये.’’

नारळासाठी आलेला बसमालक हळूच म्हणाला, ‘‘मले गाडी पाहिजे, बाप्पा. भाषण नको.’’

उस्तादांनी उरलेलं खोबरं खिशात टाकलं. ‘‘वीस वर्षांपासून खडू मारून राहिलो मी. तू मले शिकवशीन काय बे?’’

मी इंजिन हाताने सात-आठ वेळा फिरवलं. तिसऱ्या सिलिंडरचा एक टॅपेट वळत वळत पार आडवा झाला, आणि आतून मांजराने पत्र्यावर नखं ओढावीत तसा आवाज आला. तो सगळ्यांनी ऐकला. उस्तादांनीही ऐकला, आणि म्हणूनच ते जास्त भडकले.

‘‘दोष काढाले अक्कल लागत नाई. उपाय सांग! मुंढेवाला दुसरा ब्लॉक बाजारात नाई. सपाट टॅपेट अन् त्याचा कॅम मुंबईहून याले महिना जाईन. उद्या सांजेपर्यंत हे इंजिन याच ब्लॉकवर चाललं तं ठीक. नाई तं तुझा माग रिकामाच हाये म्हणते. जाऊन बस त्याच्यावर!’’

दुपारभर मी जुन्या पट्ट्या घेऊन बसलो. मुंढे नाहीत, तर बोल्ट कशात कसायचे? भोकं बुटकी असल्यामुळे टॅपेट वर बोटभर उघडे राहत होते. बाजू चपट्या केलेली त्यांची डोकी पकडता येत होती. पण पकडणार कुणाच्या आधाराने? माझ्या डोळ्यांपुढे ओलं फडकं फिरू लागलं.

आणि त्याच दिवशी, सहा वर्षांत पहिल्यांदा, बाबा गॅरेजच्या दारात उभे! गांधीबागेच्या कापडबाजारात लुगडी पोचवून सायकलवरून चालले होते. पांढरं धोतर दोन्ही हातांनी वर धरून, ग्रीसची डबकी चुकवत ते आत आले.

‘‘बाबा, तुम्ही काहून आले?’’

‘‘सायकलीत हवा नाई. येथी असन म्हटलं.’’ मग माझं तोंड बघून, ‘‘काय झालं गा? सुतकी तोंड करून काहून बसला?’’

मी सांगितलं. उस्तादांची मुदतही सांगितली. घरी परत यायची वेळ आली आहे, हे बाबांना फुकटात कळलं. त्यांनी नुसतं ‘बरं’ म्हटलं असतं, तरी त्यांचा रविवार सार्थकी लागला असता.

बाबा वाकले. इंजिनात तोंड घातलं. ‘‘एक वर जाते तवा बाजूचा खाली राहाते?’’

‘‘हो.’’

‘‘हे तं मागावानीच हाये.’’ मागावर ताण्याचे धागे उचलणाऱ्या दोन चौकटी असतात, एक वर तर एक खाली. ‘‘चौकट एकटी टांगली का भिंगरते. म्हणून जोडीनं बांधतो ना आपन. हे बी जोडीनं बांध. पन असं बांध का एकानं वर जाताना दुसऱ्याले ओढू नये. वर-खाली मोकळं, वळाले बंदी.’’

मुंढा कशाला हवा? टॅपेटला शेजारचा टॅपेटच आधार! एका जाड पट्टीला दोन खिडक्या पाडायच्या, चपट्या डोक्यांच्या मापाच्या. एकेका खिडकीत एकेक टॅपेट. दोघे आपापले वर-खाली करतील. पण एकाने वळायचं म्हटलं तर पट्टी दुसऱ्यावर अडणार. आणि पट्ट्या उसळू नयेत म्हणून वरून एक लांब पोलादी पाती, झाकणाच्या बोल्टांत अडकवलेली.

बाबा सायकलीत हवा भरून निघून गेले. मी कानशी घेऊन बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहा जोडपट्ट्या तयार झाल्या. बोटं सोलून निघाली होती, पण खिडक्या अशा जमल्या की टॅपेट सरकताना श्वास सोडल्यासारखा आवाज यावा.

संध्याकाळी पुन्हा सगळे जमले. बसमालक आला. शेजारचा पंक्चरवाला आला. आणि बाबा आले. या वेळी सायकलीच्या दोन्ही चाकांत हवा टम्म होती, मी तपासली. उस्तादांनी खडू माझ्याकडे फेकला. मी बारा डोक्यांवर बारा रेघा ओढल्या आणि हँडल फिरवू लागलो. एक फेरा. दहा. पन्नास. बारा टॅपेट बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांसारखे नाचत होते, आणि बाराही रेघा जागच्या तसूभर हलत नव्हत्या. त्या गॅरेजात इतक्या वर्षांत पहिल्यांदा खडू न फिरल्याबद्दल पंक्चरवाल्याने शिट्टी मारली.

मग स्टार्टर. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि धडधडत सुरू झालं. तासभर चालवून झाकण उघडलं. रेघा तेलात पुसट झाल्या होत्या, पण सगळ्या सरळ! उंचवट्यांवर ओरखडा नाही. बसमालकाने इंजिनाला नमस्कार केला, मग चुकून मलाही केला. मी तो ऐटीत स्वीकारला.

उस्तादांनी वाकून बघितलं. एका जोडपट्टीवरून अंगठा फिरवला. मग सरळ झाले, खिशातून पैसे काढून पंक्चरवाल्याला नवा नारळ आणायला पिटाळलं आणि माझ्याकडे वळले.

‘‘कोनी सांगितलं बे तुले हे?’’

मी बाबांकडे बोट दाखवलं. बाबा धोतरावर पडलेला ग्रीसचा डाग नखाने खरवडत होते आणि अजिबात न हसण्याचा प्रयत्न करत होते. उस्तादांनी त्यांना धोतरापासून टोपीपर्यंत न्याहाळलं, आणि सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं त्यांच्या तोंडून निघून गेलं:

‘‘बुवा, उद्यापासून तुम्हीच येत जा येथी, अन् या पोट्ट्याले पाठवा मागावर!’’