कबरीवरच्या शिरसाचा टीपॉय

रंधा मारण्याआधी मिस्त्री फळीवर तळहात ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "लाकूड इसरत नही, भाऊ." मिस्त्री तरी कुठे विसरत होते! न्हाव्याने एकदा वस्तऱ्याने गाल कापला, तर या गृहस्थाने जन्मभर दाढी राखली. एक दुकानदार म्हणाला, टेबल डुगडुगतं. मिस्त्रींनी त्याच्या दुकानातली खचलेली फरशी त्याला दाखवली, टेबल खांद्यावर घेतलं आणि घरी नेलं. पुन्हा दिलं नाही ते नाहीच. असा डूख धरणारा माणूस तुमच्याही गल्लीत एखादा असेल.

इंग्रजी अमलातली ही गोष्ट. मी खांडबारा स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होतो आणि मिस्त्रींचं दुकान समोरच होतं. चहा तेव्हा गावात नुकता रुळत होता. ज्याच्या ओसरीत टीपॉय तो बडा माणूस, असा हिशेब होता आणि टीपॉय करावा तो मिस्त्रींनीच.

त्यांचा राग एकट्या बायकोला आवरता येई. ती पडद्याआडून हसत म्हणायची, "आते पुरे करा." मिस्त्री खरंच पुरे करत. ती तापाने गेली आणि पुरे म्हणणारं कोणी उरलं नाही. कब्रस्तानात तिच्यावर एका शिरसाची सावली होती. पाखरांसाठी पाण्याचं मडकं टांगायला मिस्त्रींनी त्याच्या खोडात खिळा ठोकला होता. जेवणाची त्यांना शुद्ध नसे; मी डबा पुढे सरकवला तर दोन घास खात.

गावातल्या लाकडाच्या ठेकेदाराने ते झाड तोडलं. पंच त्याच्या खिशात होते, कोण बोलणार? खोड पडलं ते कबरीवरच, आणि माती दबून गेली. मिस्त्री जाब विचारायला गेले तेव्हा मी सोबत होतो. ठेकेदार सुपारी कातरत म्हणाला, "मरेल बाईले सावली कसाले लागस?" मिस्त्री म्हणाले, "तिनी, मन्ही बायकोनी, माफी मांग." तो हसला. त्याचं ते हसू आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

पुढे ठेकेदाराच्या मुलाचं लग्न ठरू लागलं. नवापूरचे पाहुणे येणार म्हणून त्याने टीपॉय करायला वखारीतल्या वाळलेल्या फळ्या मिस्त्रींकडे धाडल्या. मिस्त्रींनी त्या ठेवून घेतल्या, याचं मला नवल वाटलं. कोणत्या झाडाच्या, हे तो केव्हाच विसरला होता. रंधा मारताना पातं खिळ्याला अडलं. भोवतीचं लाकूड गंजाने काळं पडलं होतं. मिस्त्री उठले, दाराला कडी लावून आत बसले.

टीपॉय असा झाला की बघत राहावं! काळा डाग मात्र बरोबर मधोमध, पॉलिश करून ठेवलेला. कब्रस्तानातलं लाकूड घरात वापरत नाहीत, हे तिथे लहान पोरालाही ठाऊक होतं. पण खरं सांगतो, मी त्यांना अडवलं नाही.

ठेकेदाराच्या ओसरीत पाहुण्यांनी चहा घेतला. कप खाली ठेवताना म्हाताऱ्या व्याह्यांनी विचारलं, "ये दाग काहे का?" टीपॉय पोचवून ओट्यावर बसलेले मिस्त्री उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "मन्ही बायकोना कबरना झाडना शे." पाहुणे उठले, पायताणं घातली आणि स्टेशनकडे चालू लागले.

नंतर त्या घरी पाण्याला कोणी थांबेना. कबरीचं लाकूड म्हणून टीपॉय जाळायची सोय नव्हती, विकायची नव्हती, आणि उचलायला हमालही तयार नव्हते. शेवटी भर बाजाराच्या दिवशी ठेकेदाराने तो स्वतःच्या डोक्यावर घेतला. लोक बाजूला होऊन बघत होते. पुढे मिस्त्री, मागे तो, त्यामागे मी.

कबरीजवळ त्याने टीपॉय उतरवला. हात जोडून म्हणाला, "माफ कर, मिस्त्री."

"मन्हाजोडे नको मांगू. तिनाजोडे मांग."

ठेकेदार इकडेतिकडे पाहून त्या दबलेल्या मातीसमोर गुडघ्यांवर बसला. त्याचे ओठ हलत होते. ऊन मी म्हणत होतं. मिस्त्रींनी त्याला ऊठ म्हटलं नाही. ते माझ्याकडे वळले.

"चाल भाऊ," ते म्हणाले, "भूक लागनी."